सोडतीची मनाई
अमेरिकेतील ज्या नेवाडा संस्थानात १९३१ पासून द्यूतगृहे राजरोस परवान्याने चालतात आणि ज्याच्या खजिन्यात त्यांच्या महसुलाचा भरणा अव्याहत होत असतो, तेथे लॉटरीचे साधे तिकीट विकणे मात्र घटनाबाह्य आहे, हे ऐकून परक्यास नवल वाटावे. हा निर्बंध १८६४ च्या मूळ घटनेतला. सोडतींतील अफरातफरींचा धसका त्या काळी अनेक संस्थानांनी घेतला होता. पुढे १८६९ मध्ये गव्हर्नर ब्लास्डेल यांचा नकाराधिकार डावलून विधिमंडळाने जुगारास मुभा दिली, १९१० मध्ये तो बंद पडला, मंदीत पुनश्च सुरू झाला. सोडतीवरची मनाई तेवढी अढळ राहिली, १९९० साली धर्मादाय कार्यापुरती सैल झाली इतकेच. तिचे आजचे खरे पहारेकरी नीतिवादी नसून द्यूतगृहांचे मालकच होत, असे मला वाटते. सरकारने शेजारी दुकान मांडलेले कोणत्या मक्तेदाराला रुचेल? २०२३ मध्ये घटनादुरुस्तीचा ठराव दोन्ही सभागृहांत संमत झाला खरा, पण २०२५ च्या अधिवेशनात आवश्यक ती दुसरी मंजुरी त्याला लाभली नाही. आणि मोठ्या बक्षिसाची वार्ता पसरली की व्हेगासकर आजही कॅलिफोर्नियाच्या हद्दीतील दुकानासमोर, भर वाळवंटात, तिकिटांसाठी रांग लावतात.