कातिबचाचांची पानं आणि माझी फाइल

गेल्या मे महिन्यात शाळेच्या स्टोअररूममधलं जुनं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरचं काहीही असलं की शाळेत सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, आणि त्या कपाटात दोन बंद पडलेले मॉनिटर होते. मॉनिटरच्या मागे एक खोका निघाला. त्यात २००३ साली आम्ही काढलेल्या उर्दू-मराठी स्मरणिकेची सीडी होती. तिच्याखाली १९८९ च्या स्नेहसंमेलनाच्या अंकाची हाताने लिहिलेली पानं होती.

सीडी घरी आणली. चालेल की नाही अशी शंका होती, पण ती चालली. मराठी विभागाची फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची खिचडी. उर्दू विभागाची फाइल तर उघडलीच नाही. १९८९ ची पानं मात्र बटर पेपरवर काळ्या शाईने लिहिलेली, कडा तेवढ्या पिवळ्या पडलेल्या. माझ्या सातवीतल्या मुलीने त्यातलं पहिलं पान न अडखळता वाचून दाखवलं.

ती २००३ ची फाइल मी टाइप केली होती. आणि ती पानं ज्यांनी लिहिली त्या कातिबांचं काम ज्यांच्यामुळे बंद पडलं, त्यांच्यात मीही होतो. म्हणून हा इतिहास लिहायला घेतला.

आमच्या सोलापुरातल्या गल्लीच्या तोंडाशी एक कातिब राहायचे. आम्ही पोरं त्यांना कातिबचाचा म्हणायचो. कातिब म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर लिहून देणारा माणूस, आणि त्याचं काम म्हणजे किताबत. लग्नाचे रुक्के, मदरशाच्या पावत्या, मुशायऱ्याची पोस्टरं, कधी एखादं छोटं पुस्तक, सगळं त्यांच्या हातून जायचं. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, हातात तिरकी कापलेली बोरूची कलम. चूक झाली तर ब्लेडने शाई हलकेच खरवडायची आणि पुन्हा लिहायचं. त्या कागदावरून प्लेट बनायची आणि छपाई व्हायची. म्हणजे वाचकाच्या हातात जे पडायचं, ते कातिबाचं अक्षरच असायचं.

मराठी वाचकाला हे नवल वाटेल. मराठी छापायला अशा माणसाची गरज एकोणिसाव्या शतकातच संपली होती. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला खिळ्यांवर छापलं गेलं. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ साली निघाला आणि त्याच्या देवनागरी खिळ्यांचा देशभर लौकिक झाला. मग उर्दू त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ कातिबांच्या हातावर का अवलंबून राहिली?

उत्तर नस्तालीक लिपीत आहे. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, एका ओळीत सरळ. अरबीची नस्ख वळणाची अक्षरंही साधारण सपाट रेषेवर चालतात, त्यामुळे तिचे खिळे पाडता आले. उर्दूवाल्यांचा जीव मात्र नस्तालीकवर. तिच्यात शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो. शेजारचं अक्षर बदललं की आपलं अक्षरही आकार बदलतं. नुक्त्यांना दाटीतून जागा शोधावी लागते. शिशाच्या चौकोनी खिळ्यात हा उतार बसत नाही. कलकत्त्यात, हैदराबादेत प्रयत्न झाले, पण वाचकांना ते अक्षर रुचलं नाही. लिथोच्या दगडावर हाताचं लिखाण जसंच्या तसं उतरत असल्यामुळे उर्दूने तीच वाट धरली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यासारखं प्रचंड काम त्याच पद्धतीवर उभं राहिलं.

ही अडचण सुटली १९८१ साली. मिर्झा अहमद जमील हे मूळचे दिल्लीचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि फाळणीनंतर कराचीत स्थायिक झालेले चित्रकार. त्यांनी सुटी अक्षरं जोडण्याचा नादच सोडला. जुळून येणारे अक्षरांचे गट पूर्णच्या पूर्ण हाताने लिहायचे आणि मशीनमध्ये साठवायचे, असं त्यांनी ठरवलं. असे १८ ते २० हजार गट तयार झाले. मोनोटाइप या ब्रिटिश कंपनीच्या मशीनवर ते चढवले गेले. वडिलांच्या नावावरून त्यांनी या अक्षराला ‘नूरी नस्तालीक’ नाव दिलं. लाहोरहून निघणाऱ्या ‘जंग’ दैनिकाने ते त्याच वर्षी वापरायला घेतलं. पण त्या मशीन मोठ्या वर्तमानपत्रांनाच परवडणाऱ्या होत्या. सोलापूरच्या गल्लीपर्यंत ही लाट यायला अजून वेळ होता.

ती आणली इनपेजने. १९९४ साली दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने हा प्रोग्रॅम काढला आणि नूरी नस्तालीक साध्या पीसीवर आलं. कीबोर्डवर अक्षरं दाबत जायची, प्रोग्रॅम आपोआप योग्य गट उचलून आणायचा. आज यात काही वाटत नाही. १९९९ साली, कॉलेजात असताना, एका डीटीपीच्या दुकानात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानदाराला तीनदा तोच शब्द पुसून पुन्हा टाइप करायला लावला होता.

त्याच दुकानात मी संध्याकाळी काम करू लागलो. उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करणारा मुलगा त्यांना हवाच होता. वर्षभरात गल्लीतल्या लग्नांचे रुक्के आमच्याकडे येऊ लागले. मी केलेला पहिला रुक्का मोठ्या अभिमानाने कातिबचाचांना दाखवायला नेला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.

“दायरे अच्छे आये,” ते म्हणाले. दायरा म्हणजे अक्षराचं खालचं गोल वळण. मग विचारलं, “कित्ते का पड़ा?”

मी म्हटलं, “चाचा, पन्नास रुपये.”

“इत्ते में तो मेरी स्याही भी नै आती बेटा.”

रागाने बोलले नाहीत. चहा मागवला, माझ्या अभ्यासाची चौकशी केली. दोन वर्षांनी ते मुलाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसू लागले. उधारीची वही मात्र शेवटपर्यंत अशी लिहायचे की पैसे देणारा आधी ती वही बघत बसायचा. कॉम्प्युटरचं कौतुक करताना हा भाग मी पुष्कळ वर्षं गाळत आलो. तो गाळून हा इतिहास पूर्ण होत नाही.

आता माझ्या न उघडणाऱ्या फाइलकडे येतो. त्यासाठी मराठीची बाजू सांगायला हवी.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी हे काम १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. त्यांचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं की भारतीय लिप्या उमटायच्या. १९९१ साली ‘इस्की’ हा राष्ट्रीय मानक संच ठरला. त्यामागची कल्पना मला आजही आवडते. देवनागरी, कन्नड, तेलुगू, बंगाली या सगळ्यांची वर्णमाला एकाच क्रमाची आहे, तर त्यांना आकडेही एकच द्यावेत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘क’ची कळ मराठीत जी, तीच कन्नडमध्ये. आमच्या सीमेवरच्या सोलापुरात याचा अर्थ लगेच कळतो.

पण या घरात उर्दूला खोली नव्हती. तिची लिपी ब्राह्मी कुळातली नसल्यामुळे तिच्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. कारण तांत्रिक होतं, त्यात आकस शोधायचं कारण नाही. परिणाम मात्र मी रोज भोगला: एकाच पानावर उर्दू आणि मराठी लिहायचं तर दोन प्रोग्रॅम, दोन प्रिंट, कात्री आणि डिंक. आमची २००३ ची स्मरणिका अशीच तयार झाली.

शिवाय बाजाराने इस्कीची वाट पाहिलीच नाही. डीटीपीच्या दुकानांत जे मराठी फॉन्ट चालायचे, त्यांतले बहुतेक एक युक्ती वापरत. आत इंग्रजी अक्षराचाच आकडा ठेवायचा आणि त्याच्यावर देवनागरी अक्षराचं चित्र चढवायचं. पडद्यावर मराठी दिसायचं, कॉम्प्युटरच्या हिशेबात ते इंग्रजीच असायचं. प्रत्येक फॉन्टची युक्ती वेगळी. फॉन्ट गेला की चित्र गेलं, खाली उरली ती टक्क्यांची आणि कंसांची खिचडी. सीडीतून माझ्यासमोर आली ती हीच. छपाई हातात पडली की काम झालं, असंच तेव्हा आम्हाला वाटायचं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय तेव्हा आलेला होता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा, प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा. त्या पहिल्याच यादीत देवनागरी होती आणि अरबी विभागात उर्दूची अक्षरंही होती. दशमान पद्धतीत सांगायचं तर मराठी ‘क’ २३२५ आणि उर्दूचा ‘काफ’ १७०५. दोघं एका यादीत, एका फाइलमध्ये, एका ओळीतसुद्धा राहू शकत होते.

विंडोज २००० आणि २००१ ची एक्सपी यांच्याबरोबर देवनागरीसाठी ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला होता. आयआयटी मुंबईत शिकवणारे सुलेखनकार आणि मराठी कवी. म्हणजे दोन्ही लिप्यांना कॉम्प्युटरपर्यंत हाताने अक्षर काढणाऱ्या कलावंतांनीच आणून सोडलं, हे मला विसरता येत नाही.

एक्सपीत मराठी आपोआप चालायचं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, विंडोजची सीडी घालायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. बीएड झाल्यावर घेतलेल्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर मी हे केलं आणि साध्या नोटपॅडमध्ये एकाच ओळीत उर्दू व मराठी लिहिलं. उर्दू नस्ख वळणात उमटली, नस्तालीकची मजा नव्हती. उर्दू मित्रांनी ते पाहून नाकं मुरडली. चांगलं नस्तालीक युनिकोडमध्ये सर्वांच्या हाती यायला २००८ उजाडलं. त्या वर्षी अलवी नस्तालीक आणि जमील नूरी नस्तालीक हे मोफत फॉन्ट आले. योगायोग असा की मराठीचा ‘ॲ’सुद्धा युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून त्याच वर्षी आला. इनपेजच्या नव्या आवृत्त्याही पुढे युनिकोडकडे वळल्या.

मग प्रश्न संपला का? माझ्या वर्गात तरी नाही. मागच्या वर्षी नववीच्या मुलांनी मोबाइलवर उर्दू शब्दसंग्रह तयार केला. एका मुलीने ‘किताब’ शोधला तर सापडेना, आणि शब्द तर समोर दिसत होता. तिच्या मैत्रिणीने अरबी कीबोर्ड वापरला होता. अरबी काफचा आकडा १६०३, उर्दू काफचा १७०५. शब्दाच्या सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्या दिवशी व्याकरणाचा तास बाजूला ठेवला आणि फळ्यावर आकडे लिहिले. मुलांना फार आवडलं.

मोठ्यांना समजावणं अवघड जातं. आपल्या संस्थांची परिपत्रकं, जलशांची निमंत्रणं, मरहूम शिक्षकांवरचे लेख आजही सुंदर नस्तालीकमध्ये, फुलांच्या चौकटीत, चित्र म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. मराठीतही तेच. चित्रातला मजकूर नीट शोधता येत नाही, नक्कल करून दुसरीकडे वापरता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या मोबाइलला धड वाचून दाखवता येत नाही. आपण अक्षराच्या देखणेपणावर जीव टाकतो आणि त्याच्या आकड्याकडे पाहत नाही. देखणेपण कातिबचाचांकडे आमच्याहून जास्त होतं. कॉम्प्युटरने त्यांची रोजी घेतली, तर बदल्यात जे नवं द्यायला हवं होतं ते म्हणजे हे शोधणं, टिकणं, कुठेही पोचणं. तेच आपण घेत नसू, तर नुसती स्वस्त किताबत पदरात पडली म्हणायची.

आपल्या समाजाचा इतिहास कोणी लिहीत नाही, अशी तक्रार आपण करतो. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचं छोट्या गावांतलं रोजचं जगणं कितीतरी वर्षं अशा स्मरणिकांत, पत्रकांत, अहवालांत नोंदलं गेलं. ते आज कुठल्या तरी कपाटात सीडींवर पडून आहे. सीडी खराब झाली किंवा तो प्रोग्रॅम चालवणारं शेवटचं मशीन भंगारात गेलं, की ते संपलं. तुमच्या शाळेत, मशिदीच्या कार्यालयात, वाचनालयात अशी सीडी असेल तर आधी तिची नक्कल काढा. छापील प्रत असेल तर स्कॅन करून ठेवा. जमेल तसं युनिकोडमध्ये उतरवा. जुन्या मजकुराला युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण निम्मं काम शेवटी हातानेच तपासावं लागतं.

आमच्या स्मरणिकेची एक छापील प्रत निवृत्त झालेल्या एका बाईंकडे मिळाली. ८४ पानं आहेत. रोज रात्री एक पान टाइप करतो. मुलगी मराठी तपासते, मी उर्दू. सध्या ३१ पानं झाली आहेत. १९८९ च्या अंकाची पानं मात्र टाइप करायच्या आधी स्कॅन करून घेतली, कारण त्यातलं अक्षरही जपायचं आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, अगदी बारीक कलमेने कातिबचाचांनी आपलं नाव लिहिलं आहे. स्मरणिकेत टाइप करणाऱ्याचं नाव कुठेच नाही.