हेडफोन सोईचे कसे झाले : म्हैसूरच्या निमित्ताने

10 सप्टेंबर 1935 रोजी म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून एक खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. प्रक्षेपक अवघा 30 वॅटचा होता. केंद्राला दिलेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे 1957 मध्ये साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. त्याच म्हैसूरमध्ये 1965 साली वाचा व श्रवण यांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज मानसगंगोत्री परिसरात असलेली ही अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आयेश या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ध्वनी दूरवर पोहोचवणे आणि तो कानाला किती ऐकू येतो हे मोजणे, ही दोन्ही कामे ज्या एका साध्या वस्तूवाचून अडली असती ती म्हणजे हेडफोन.

नभोवाणीच्या आरंभकाळी हेडफोन ही हौस नव्हती, निकड होती. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले तेव्हा सर्वांत स्वस्त ग्राहकयंत्र होते क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना वीजजोडणी. आकाशतारेने पकडलेल्या लहरींची क्षीण ऊर्जाच कानाजवळचा पडदा हलवीत असे. एवढ्याशा प्रवाहातून ऐकण्याजोगा आवाज निघावा म्हणून केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यावे लागत, आणि हेडफोनचा विद्युत्‌विरोध 2000 ओहमच्या घरात जाई. अमेरिकेतील नाथानिएल बाल्डविन यांनी 1910 च्या सुमारास स्वयंपाकघरात बसून अशी जोडी तयार केली आणि अमेरिकी नौदलाने ती घेतली. त्यांची ‘संतुलित आर्मेचर’ ही रचना आजच्या कित्येक महागड्या इअरफोनांत सूक्ष्म रूपाने नांदते आहे. त्या जोडीच्या सोईविषयी मात्र बोलायला नको! डोक्यावर लोखंडी पट्टी, कानांवर कठीण चकत्या. त्या तासभर सहन करायच्या त्या संदेश ऐकण्यासाठी.

सोय आली ती दोन टप्प्यांत. 1968 मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी 414 हा मागून उघडा, पिवळ्या स्पंजचा हेडफोन काढला. बंद कपात कान तापतो, घाम येतो. उघड्या रचनेत हवा खेळती राहते, आणि पट्टी घट्ट आवळण्याचीही गरज उरत नाही. दुसरा टप्पा 1 जुलै 1979 चा. त्या दिवशी सोनीचा वॉकमन विक्रीस आला. तोवरचे हेडफोन साधारण 300 ते 400 ग्रॅमचे असत. वॉकमनबरोबरचा सुमारे 50 ग्रॅमचा होता. माझ्या मते वॉकमनचे खरे नवल त्याच्या यंत्रापेक्षा या हलकेपणात होते. हेडफोन डोक्यावर आहे याचा विसर पडू लागला, आणि ऐकण्याचे तास वाढले.

खिशातल्या यंत्राबरोबर एक जुने गणित उलटे झाले. समजा, यंत्र अर्धा व्होल्ट देते आणि हेडफोन एका मिलिवॅटला 100 डेसिबल आवाज देतो. विरोध 2000 ओहम असेल तर शक्ती मिळते केवळ 0.125 मिलिवॅट, म्हणजे सुमारे 91 डेसिबल. विरोध 32 ओहम असेल तर जवळजवळ 8 मिलिवॅट, म्हणजे 109 डेसिबल. क्रिस्टल सेटला हवा असलेला गुण येथे अडचणीचा ठरतो. म्हणून खिशातल्या यंत्रासाठी 16 ते 32 ओहमचा हेडफोन पाहावा. मात्र 109 डेसिबल ही मिरवण्याची संख्या नव्हे.

किमतीबद्दल विद्यार्थ्यांना विशेष सांगावेसे वाटते. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांच्या मापनांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. वारंवारता-प्रतिसाद आणि विक्रीची किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. टिकाऊपणा, बनावट, नाममुद्रा यांचे पैसे वेगळे पडतात. तेव्हा दुकानात गाणे ऐकण्याआधी दहा मिनिटे नुसता घालून पाहावा : कानाच्या पाळीवर दाब येतो का, चष्म्याची काडी रुतते का.

पण सोय म्हणजे केवळ हलकेपणा नव्हे. श्रवणमापनाच्या कक्षात गेलेल्यांनी पाहिले असेल, तेथला हेडफोन कानावर चांगलाच दाबून बसवतात. कानावर टेकणाऱ्या या प्रकारासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने तो दाब सुमारे 4.5 न्यूटन ठरवला आहे. दाब कमी पडला, फट राहिली, तर खालचे स्वर गळतात आणि मापन चुकते. घरच्या हेडफोनलाही हाच नियम लागू आहे, फक्त तेथे चूक कान भरून काढतो : आपण आवाज वाढवतो.

बसमध्ये 75 डेसिबलचा गोंगाट धरा. उघड्या हेडफोनातून तो जवळजवळ जसाच्या तसा आत येतो, आणि गाणे त्याच्या वर 10 डेसिबल हवे असेल तर 85 गाठावे लागतात. नीट बसलेल्या मऊ बोंडाच्या इअरफोनने गोंगाट 15 डेसिबलने घटवला, तर 70 पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल अशी आहे. दर 3 डेसिबल वाढीला अवधी निम्मा होतो. म्हणजे 85 ला सुमारे साडेबारा तास आणि 95 ला सव्वा तास, तोही संबंध आठवड्यात. घरात अभ्यास करताना उघडा, हवेशीर हेडफोन उत्तम. प्रवासात मात्र तोच, कितीही हलका आणि स्वस्त असला तरी, महागात पडतो. आणि झीज कळतेही उशिरा : मोठ्या आवाजाने होणारी हानी श्रवणालेखात बहुधा प्रथम 4000 हर्ट्‌झच्या आसपास खाचेच्या रूपाने दिसते, तेव्हा नेहमीचे संभाषण बव्हंशी नीट ऐकू येत असते.