तलाव बांधणारे आणि तार जोडणारे

गावापर्यंत इंटरनेट न्यायचे तर तंत्रज्ञ लागणार, हे दिल्लीने आणि मुंबईने गेल्या दीड दशकात वेगवेगळ्या योजनांमधून मान्य केले आहे. तो कोणत्या अटींवर नेमायचा, या प्रश्नाचा विचार मात्र फारसा झाला नाही. भंडारा जिल्ह्यात हे विशेष खटकते. बाहेरून जाणता माणूस आणून त्याच्याकडून गावोगाव एखादी सोय उभी करून घेण्याचा जितका जुना अनुभव या जिल्ह्याच्या गाठीशी आहे, तितका महाराष्ट्रात क्वचितच कुठे असेल. ती सोय पाण्याची होती आणि तो माणूस कोहळी. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोहळ्यांची ओळखच वैनगंगा खोऱ्यातले मोठे तलाव बांधणारे अशी करून दिली आहे. 1911 च्या गणतीत त्यांची संख्या सव्वीस हजारांच्या आसपास होती. एवढ्या छोट्या समाजाने भातशेतीचा एक अख्खा प्रदेश पाण्याखाली आणला, हे आज नकाशा पाहतानाही चटकन पटत नाही.

कोहळ्यांची स्वतःची परंपरा सांगते की चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना त्यांना सोबत आणले. भंडाऱ्याकडचे कोहळी आपला पहिला मुक्काम लांजीला होता असे सांगत. यातले ऐतिहासिक किती आणि सांगोवांगीचे किती, हा वाद बाजूला ठेवला तरी आठवणीचा गाभा पुरेसा बोलका आहे: राजाला जमीन होती, पाऊस होता, उतार होता, पाणी अडवण्याचे शास्त्र जाणणारा माणूस नव्हता, म्हणून त्याने तो आणला. पुढचा भाग याहून महत्त्वाचा. चांद्याच्या गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीवर हक्क मिळत असे. म्हणजे मोबदला कामाचा नव्हता, कामाच्या फळाचा होता. पाळ फुटली की बांधणाऱ्याचाच ऊस वाळणार, तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, तुंबले की त्याच्याच बांधीत धान करपणार. अशा माणसाला देखभालीचे वेळापत्रक लिहून द्यावे लागत नाही. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावचा तलाव (तेव्हा भंडाऱ्यात, 1999 पासून गोंदिया जिल्ह्यात) या व्यवहाराचा सर्वांत मोठा नमुना. लोकांनी पुढे कोलू पाटलांना देवपण दिले आणि कोलासूर म्हणून त्यांची पूजा होऊ लागली. आपल्याकडे राजांची, संतांची देवळे उदंड, पण पाटबंधाऱ्याच्या जाणकाराला देव्हाऱ्यात बसवणारा मुलूख विरळाच.

1860 च्या दशकात इंग्रजांनी महसुलाचा बंदोबस्त करून गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी दिली आणि तलाव त्यांच्याकडे गेले. मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा 1950 साली झाला. 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1956 साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. तलावांची जबाबदारी या प्रवासात हात बदलत पाटबंधारे खात्याकडे आणि जिल्हा परिषदेकडे आली. माजी मालगुजारी, म्हणून ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांच्यातला गाळ, पाळीवर वाढलेली झाडे, पोटात शिरलेली अतिक्रमणे यांच्यावर गेली काही दशके बैठका होत आहेत. तलाव तेच, पाऊस तोच, गावे तीच. बदलली ती एकच गोष्ट: तलाव बिघडल्याने ज्याचे पोट मारले जाईल असा माणूस त्या व्यवस्थेतून निघून गेला आणि त्याच्या जागी बदलीवर येणारा अधिकारी आला.

यावर कोणी म्हणेल की ही मालगुजारीची आरती झाली. आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. माती वाहणाऱ्या मजुराला तलावाखालची जमीन मिळाली नाही, ती बांधवून घेणाऱ्याला मिळाली. पाण्याचा हिस्सा गावातल्या जातींच्या उतरंडीप्रमाणे ठरे. मालगुजारी गेली हे योग्यच झाले, आणि ती परत आणा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण जमिनीची मालकी संपवताना पाण्याची राखण कोणाच्या गळ्यात राहणार, हे ठरवायचे राहून गेले. ही चूक सामाजिक न्यायाची अपरिहार्य किंमत नव्हती. ढिवरांच्या मासेमारी संस्थांनी जिथे तलाव हाती घेतले, तिथे हे दिसून आले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने पूर्व विदर्भात ढिवरांबरोबर केलेले काम याच दिशेचे आहे. तलावातल्या कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा अंडी घालतो, कोणती वनस्पती तलाव मारते, हे ढिवरांना ठाऊक होते, आणि त्या ज्ञानावर तलाव पुन्हा जिवंत करता आले. म्हणजे हितसंबंध असलेला माणूस जमीनदारच असावा लागतो असे नाही. तो त्या पाण्यावर जगणारा असला की पुरते.

आता तारेकडे येऊ. लांब पल्ल्याची तार भंडाऱ्यातून जाते, थांबत नाही, ही तक्रार आगगाडीइतकी जुनी आहे. 1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ रेल्वे आली, ती पुढे बंगाल नागपूर रेल्वेने घेतली, रुंद केली आणि कलकत्त्याशी जोडली. पण जिल्ह्याच्या गावाला मिळाले ते दहा-बारा किलोमीटर दूर वरठीचे स्टेशन. त्याचे नाव आजही ‘भंडारा रोड’ आहे. तुमसरचेही तेच, ‘तुमसर रोड’. मुख्य मार्ग मुंबई आणि हावड्याच्या सोयीने आखला गेला आणि मधल्या माणसाने स्टेशनापर्यंत स्वतः यायचे असे ठरले. लाखनी, साकोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि तो लोहमार्ग मोठ्या शहरांना जोडतात. प्रश्न नेहमी शेवटच्या दहा किलोमीटरचा असतो, आणि तिथे मोठे अभियंते पुरत नाहीत.

टेलिफोनच्या काळात हा प्रश्न काही वर्षे बऱ्यापैकी सुटला होता, हे आज विसरले जाते. 1984 साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी 128 जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले. ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालेल असे मुद्दाम बनवलेले होते. पहिले 1986 साली कर्नाटकात कित्तूरला बसले. यंत्राचे कौतुक झाले ते योग्यच, पण गावोगावी फोन पोचला तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमुळे, आणि बूथवाला पगारी नव्हता. त्याला प्रत्येक कॉलवर कमिशन मिळे. लाइन बंद पडली की त्याचा दिवस बुडे, म्हणून दुरुस्तीवाल्याच्या मागे लागणारा, त्याला चहा पाजणारा, वेळेला खांबापर्यंत चालत जाणारा तोच असे. कोहळ्याच्या तुडुमाचा हिशेब इथे नकळत पुन्हा मांडला गेला होता. मोबाइलने बूथ संपवले आणि त्याबरोबर तो हिशेबही गेला.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली: देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना किमान 100 एमबीपीएसची जोडणी. तालुक्यापर्यंत फायबर होतीच, तिथून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुटका भाग जोडायचा, अशी ती कल्पना. 2015 पासून तिचे नाव भारतनेट. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती डिसेंबर 2017 पर्यंत झाल्या; दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने स्वतः काम घेतले. पंचायतीच्या खोलीत डबा बसला, दिवा लागला, फोटो निघाला. पुढे रस्ता रुंद करताना केबल तुटली, पावसाळ्यात वीज गेली, बॅटरी संपली, तर कोणाला बोलवायचे? मोजणी जोडलेल्या पंचायतींची होत होती, चालू असलेल्यांची नंतर. टाकणारा वेगळा, चालवणारा वेगळा आणि वापरणारा तिसराच, हा मूळ दोष होता. तो दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी 2016 मध्येच ओळखला होता. जो बांधेल त्यानेच ठरावीक वर्षे ते चालवावे आणि त्यातून कमवावे, अशी त्यांची शिफारस होती. सरकारी भाषेत लिहिलेली, पण गोंड राजाला चटकन समजली असती.

पंचायतीत माणूस नव्हता असेही नाही. 2011 साली राज्याने ‘संग्राम’ प्रकल्प सुरू केला आणि तेराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतींत संगणक परिचालक नेमले. 2016 पासून तेच काम ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने दुसऱ्या यंत्रणेकडे गेले. जन्मदाखल्यापासून ग्रामपंचायतीच्या हिशेबापर्यंत सारे या मुलामुलींच्या बोटांवर आले. त्यांची जागा मात्र कागदावर कुठेच नव्हती. ते पंचायतीचे कर्मचारी नव्हते, राज्याचे नव्हते आणि मधल्या कंपनीचेही धड नव्हते. मानधन तुटपुंजे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आणि मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांचे मोर्चे हे वार्षिक दृश्य झाले. माझ्या मते इंटरनेटच्या सरकारी इतिहासातली सर्वांत महागडी काटकसर ती हीच. गावात राहणारा, यंत्राला न घाबरणारा, लोकांना नावाने ओळखणारा माणूस हाती आला होता. त्याला पगाराची हमीही दिली नाही आणि उत्पन्नात वाटाही दिला नाही. या दोन्हींपैकी एक काहीतरी दिले असते तरी चालले असते.

फायबर म्हणजे पाळ नव्हे, असा दुसरा आक्षेप. केसाएवढी काच जोडायला यंत्र लागते, मोजमाप लागते, प्रशिक्षण लागते. गावातला माणूस ते कसे करणार? हे अर्धेच खरे आहे. जाळ्याची आखणी, कोणत्या तालुक्यातून कोणता मार्ग, कुठे वर्तुळ पूर्ण करायचे म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसरीकडून संदेश जाईल, हे जाणत्या अभियंत्याचेच काम आहे, आणि त्यासाठी बाहेरचा उत्तम माणूस चांगल्या पगारावर आणावा. पण तुटलेला धागा शोधून जोडणे हे कौशल्य आयटीआय झालेल्या मुलाला काही आठवड्यांत येते. कोहळीही एकेकाळी बाहेरचेच होते. ते उपयोगी पडले ते इथे राहिले, म्हणून.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे: 2016 नंतर स्वस्त 4जी आले, खेड्यात प्रत्येकाच्या हातात इंटरनेट आले, मग या साऱ्याची गरजच काय? वारणेचे उदाहरण या बाजूने देता येईल. 1998 साली वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे बसवली. काही वर्षांनी संशोधकांना आढळले की शेतकरी त्यांचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदी आणि पावत्यांसाठीच करतात. 2006-07 मध्ये सात गावांत तेच काम मोबाइलवरच्या एसएमएसने करून पाहिले आणि ते स्वस्तात झाले. धडा घ्यावा तो नीट घ्यावा. वारणेने दाखवले की लोकांना नको असलेली सोय माथी मारू नये. तार नकोच असे दाखवले नाही. मोबाइलच्या मनोऱ्याला भरपूर वेग द्यायचा तर मागून फायबरच लागते. आणि मनोरा गिऱ्हाईक मोजून उभा राहतो. कोका अभयारण्याच्या कडेचे किंवा पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलालगतचे शंभर उंबऱ्यांचे गाव त्या मोजणीत शेवटी येते. धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी मात्र त्या गावालाही तीच मुदत असते.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यावर 1,39,579 कोटी रुपये खर्च धरला आहे. वर्तुळाकार जाळे, दहा वर्षांची देखभाल, आणि गावपातळीवर घरोघरी जोडण्या देणाऱ्या स्थानिक उद्यमीला उत्पन्नात निम्मा वाटा, अशी त्याची मांडणी आहे. बारा वर्षांनी का होईना, वाटा हा शब्द योजनेत आला. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आता तपशील तपासावे लागतील. निम्मा वाटा कशाचा? शंभर घरांच्या गावात पंचवीस जोडण्या झाल्या तर त्या वाट्यात एका माणसाचे पोट भरत नाही. मग त्याला चार-पाच गावे एकत्र द्यायची, की पंचायतीच्या निधीतून किमान रक्कम बांधून द्यायची? केबल जोडण्याचे यंत्र लाखांदूर किंवा मोहाडीत राहणार, की प्रत्येक वेळी नागपूरहून गाडी यायची वाट पाहायची? ठेकेदाराला दंड लागणार तो केबल न टाकल्याबद्दल, की टाकलेली बंद राहिल्याबद्दल? आणि आधीच दहा-बारा वर्षे पंचायतीत बसून हे काम शिकलेल्या परिचालकांना या नव्या कामात पहिला हक्क मिळणार का? निविदेच्या अटींत या प्रश्नांची उत्तरे असतील, तर नेमलेला तंत्रज्ञ कोठून आला याने फारसा फरक पडणार नाही.