वापरलेला कॅमेरा आणि जोखमीचा इतिहास : धाराशिव जिल्ह्यातील दस्तऐवजांच्या छायाचित्रणाच्या संदर्भात

प्रस्तावना

धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातील इतिहासाची साधने कोणत्याही एका दफ्तरखान्यात नाहीत. तेर येथील सातवाहनकालीन अवशेष, धाराशिव लेणी, नळदुर्ग व परंडा हे किल्ले यांची नोंद अभ्यासकांनी पूर्वीच घेतली आहे. जेम्स बर्जेस यांच्या १८७८ च्या अहवालात धाराशिव लेण्यांचा विचार झाला. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेरवर लिहिले. परंतु घराघरांतील मोडी कागद, निजामी राजवटीतील उर्दू व फारसी लेखन, वतनाच्या सनदा, जुनी हिशेबाची बाडे यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. वाळवी, गळके छप्पर आणि वाड्यांची पडझड यांमुळे ही साधने दरवर्षी कमी होत आहेत. मालक कागद हातचा सोडत नाही, मात्र समोर बसून पाहू देतो. अशा वेळी त्याच्याच ओसरीवर बसून छायाचित्रे घेणे एवढाच मार्ग उरतो, आणि येथे कॅमेरा हे इतिहास विभागाचे प्राथमिक साधन ठरते.

भिंगासह नवा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा घेणे बहुतेक महाविद्यालयीन विभागांच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे एकदा विकला गेलेला, परत आलेला आणि तपासून-दुरुस्त करून पुन्हा विक्रीस ठेवलेला कॅमेरा घ्यावा काय, असा प्रश्न पुढे येतो. वरकरणी हा खरेदी समितीचा प्रश्न आहे. परंतु वापरलेला कॅमेरा हाती घेण्याची जोखीम महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे घेतली जात आहे, आणि या काळात त्या जोखमीचे स्वरूप मुळापासून बदलले आहे. प्रस्तुत निबंधात त्या बदलाचा मागोवा घेतला आहे. (मोबाइल पुरेसा नाही काय, असा आक्षेप येईल. मोबाइल अक्षरांच्या कडा आपल्या सोयीने ‘सुधारतो’. फिकट शाईच्या मोडी मजकुरात अशी सुधारणा वाचकाची फसवणूक करू शकते.)

पहिले कॅमेरे, पहिली हस्तांतरे

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी इंग्लंडमधील रायली ब्रदर्स या संस्थेकडून २१ गिनींना कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागे. पुढे भाटवडेकरांनी हे काम सोडले तेव्हा त्यांचा कॅमेरा करंदीकर, पाटणकर व दिवेकर या मंडळींकडे गेला. भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळातच एक कॅमेरा असा दुसऱ्या हाती गेला व तेथेही चालला, ही गोष्ट चित्रपटेतिहासात सहसा ओझरती येते. वास्तविक ती महत्त्वाची आहे. घेणारे देणाऱ्याला ओळखत होते आणि त्या कॅमेऱ्याने काय टिपले होते हे मुंबईतील प्रेक्षकांनी पाहिलेले होते. यंत्राचा पूर्वेतिहास उघड होता.

दादासाहेब फाळके यांनी दुसरा मार्ग धरला. १९१२ मध्ये विमा पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले व विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. नव्या यंत्राने येथे खरेदीतील जोखीम टाळली. परंतु तिच्या बदल्यात आयुर्विमा गहाण पडला, हेही नमूद करावे लागते. नवी वस्तू निर्धोक असते असे म्हणताना तो धोका बहुधा पैशाच्या बाजूला सरकलेला असतो.

कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्याजवळ लंडनला जाण्याइतके पैसे नव्हते. नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणाऱ्या या चुलतभावांनी जुन्या प्रक्षेपकाची यंत्रणा उघडून, अभ्यासून त्यावरून कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला, असे चित्रपटेतिहासात नोंदलेले आहे. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुरे केले आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कोल्हापूरच्या या प्रयोगाकडे सामान्यतः देशी कल्पकतेचा नमुना म्हणून पाहिले जाते. त्यातील दुसरी बाजू अशी की, त्या काळचे यंत्र डोळ्यांनी वाचता येत होते. दाते, फिरकी, पंजा, झडप हे भाग समोर दिसत. जे झिजले ते ओळखू येई आणि कुशल हाताला ते नव्याने घडविता येई. जुन्या यंत्राची जोखीम कारागिराच्या नजरेने आटोक्यात येत होती.

फिल्मचा काळ

स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी कॅमेरा सहजी मिळत नसे. परदेशातून परतणाऱ्यांचे सामान, मुंबईचा चोरबाजार आणि फोर्ट भागातील बोरा बाजाराच्या परिसरातील दुकाने यांतून वापरलेले कॅमेरे महाराष्ट्रभर जात. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून पूर्णतः उठले. तोपर्यंत तालुक्याच्या गावी स्टुडिओ थाटणाऱ्यासाठी ‘जुना कॅमेरा’ हा नेहमीचा व्यवहार होता, त्यात कमीपणा मानला जात नसे.

या काळातील खरेदीदाराची परीक्षा साधी होती. मागचे झाकण उघडून शटर दाबायचे व उजेडाकडे धरून ते पूर्ण उघडते काय हे पाहायचे; भिंगातून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे शोधायचे; एक रोल काढून धुवायला द्यायचा. दमट किनारपट्टीवरून आलेल्या भिंगात बुरशी असण्याचा धोका अधिक. धाराशिवच्या कोरड्या हवेत ती वाढण्यास वाव कमी, मात्र आधी खरवडली गेलेली काच पूर्ववत होत नाही.

त्याहूनही एक मूलभूत गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. फिल्मच्या काळात कॅमेरा जुना असला तरी फिल्म प्रत्येक वेळी नवी असे. प्रतिमा जिच्यावर उमटते ती वस्तू कधीच ‘वापरलेली’ नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हाची वृत्तपत्रीय छायाचित्रे फिल्मवरचीच होती. कोणत्या वयाच्या कॅमेऱ्याने ती काढली याचा त्यांच्या विश्वासार्हतेशी फारसा संबंध नव्हता. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र सेन्सर हीच फिल्म असते. वापरलेला डिजिटल कॅमेरा घेणारा वापरलेली फिल्मही सोबत विकत घेत असतो.

दोष दृष्टीआड गेला

या बदलाचे परिणाम लवकरच दिसून आले. ऑक्टोबर २००५ मध्ये अनेक प्रसिद्ध कंपन्यांना आपल्या कॅमेऱ्यांबाबत सूचना काढाव्या लागल्या. त्यांत बसविलेले सोनी कंपनीचे काही सीसीडी सेन्सर उष्ण व दमट हवेत निकामी होत होते; चित्र विकृत येई किंवा येतच नसे. मुदत संपलेल्या कॅमेऱ्यांचीही विनामूल्य दुरुस्ती कंपन्यांनी देऊ केली. दोष असा की, दुकानाच्या काउंटरवर तो दिसला नसता. उन्हाळ्यात दिसला असता. हल्ली याच काळातील लहान डिजिटल कॅमेरे हौसेने पुन्हा विकत घेतले जातात. ती विनामूल्य दुरुस्ती केव्हाच बंद झालेली आहे.

निकॉन डी६०० हे दुसरे उदाहरण. २०१२ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग साचत असल्याच्या तक्रारी झाल्या. २०१३ मध्ये डी६१० आला व २०१४ मध्ये कंपनीने डी६०० ची तपासणी व शटर बदलणे विनामूल्य केले. म्हणजे एकाच नमुन्याचे दोन कॅमेरे आज बाजारात शेजारी ठेवले तर एकाचे शटर बदललेले, दुसऱ्याचे न बदललेले असू शकते. बाहेरून दोन्ही सारखेच. फरक कळतो तो सेवाकेंद्राच्या कागदावरून.

यात बाजाराच्या आकुंचनाची भर पडली. जपानी कॅमेरा उत्पादक संघाच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२१ मध्ये हा आकडा एक कोटीच्या आत आला. कोडॅकने २०१२ मध्ये डिजिटल कॅमेरे थांबविले, ऑलिंपसने आपला कॅमेरा विभाग दुसऱ्या हाती सोपविला. ऑलिंपस व फुजीफिल्म यांनी २००२ मध्ये आणलेले एक्सडी कार्ड आता बनत नाही; त्या कार्डावर चालणारा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी त्याचे ‘कागदपेन’ कोठून आणणार, हा प्रश्न राहतोच. बाबूराव पेंटरांनी दाते घडविले. सेन्सर घडविणे कोल्हापूरच्या किंवा धाराशिवच्या कोणत्याही कारागिराच्या हाती नाही. अधिकृत सेवाकेंद्र गाठायचे तर पुण्यासारखे शहर, म्हणजे धाराशिवहून सुमारे अडीचशे किलोमीटर.

हमीचा कागद

जे डोळ्यांनी तपासता येत नाही त्याची हमी कोणीतरी घ्यावी लागते. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ मध्ये गुणवत्तेची गृहीत हमी मर्यादित ठेवलेली आहे. खरेदीदाराने माल तपासला असेल तर त्या तपासणीत दिसावयास हवा होता असा दोष त्याच्याच माथी येतो. हा नियम शटर उजेडाकडे धरून पाहण्याच्या युगाला साजेसा होता. सेन्सरमधील दोष कोणत्या तपासणीत ‘दिसावयास हवा’, याचे उत्तर त्यात सहज सापडत नाही. ई-कचरा नियमांत नूतनीकरणाची व्याख्या आहे, परंतु तिचा भर वस्तूचे आयुष्य वाढविण्यावर आहे; वस्तू किती चांगली असावी हे ती सांगत नाही. तेव्हा ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाला विक्रेत्याच्या लेखी हमीवेगळे वजन नाही, असेच म्हणावे लागते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने मात्र एक मोलाची सोय केली. १९८६ च्या कायद्याखाली बहुधा विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तेथे दाद मागावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिल्लीच्या व्यापाऱ्याविरुद्ध धाराशिवात तक्रार करता येणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी बिल हवे. ओळखीच्या छायाचित्रकाराकडून हातोहात घेतलेल्या कॅमेऱ्यास हा आधार जवळजवळ नसतो, आणि महाविद्यालयाच्या लेखापरीक्षणातही तो टिकत नाही. बाजारातील सेकंडहँड आणि बिलासह मिळणारा रिफर्बिश्ड यांतील खरा फरक येथे आहे, यंत्राच्या चकाकीत नाही.

विभागाचे काम आणि यंत्राचे उरलेले आयुष्य

ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात नोंदवायचा तर ३५०८ × २४८०, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू लागतात. २००८ मध्ये आलेल्या निकॉन डी९० चा सेन्सर १ कोटी २३ लाख बिंदूंचा आहे. एका पानासाठी तो पुरतो. त्याच्या शटरची चाचणी कंपनीने एक लाख उघडझापींपर्यंत केलेली आहे. लग्नसराईतील छायाचित्रकार एका लग्नात दोन हजार छायाचित्रे काढत असेल, तर पन्नास लग्नांत हा पल्ला संपतो. याउलट पाच हजार पानांचे दफ्तर टिपण्यास पाच हजार उघडझापी पुरतात. चाळीस हजारांवर थांबलेला कॅमेरा लग्नाच्या व्यवसायाला जुना, इतिहास विभागाला मात्र जवळपास नवा. शटरचा आकडा लेखी मिळत असेल, किमान सहा महिन्यांची हमी व परतीची मुदत असेल, कार्ड व बॅटरी आजही बाजारात मिळत असतील, तर अशी खरेदी जोखमीच्या मोलाची आहे. यांतील एकही गोष्ट नसेल तर स्वस्ताईला अर्थ नाही. परतीच्या मुदतीत भिंगाला झाकण लावून दीर्घ उघडझापीचे एक चित्र व पांढऱ्या भिंतीचे लहान छिद्राने घेतलेले एक चित्र काढावे. पहिल्यात सदोष चकाकणारे (‘हॉट’) बिंदू, दुसऱ्यात सेन्सरवरील डाग उघडे पडतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने एक धोका मात्र विक्रेत्याहूनही अधिक ध्यानात ठेवला पाहिजे. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या आत घड्याळ चालविणारी एक स्वतंत्र लहान बॅटरी असते. जुन्या कॅमेऱ्यात ती दुबळी झालेली असते. मुख्य बॅटरी काढताच घड्याळ कारखान्याच्या मूळ तारखेवर जाते आणि कॅमेरा निमूटपणे काम करीत राहतो. छायाचित्र उत्तम येते, त्याच्या पोटातील दिनांक मात्र खोटा असतो. पुढे वाडा पडला, कागद गेला आणि छायाचित्र हेच एकमेव साधन उरले, तर ते कागद कोणत्या वर्षी कोणत्या अवस्थेत होते हे सांगणारी नोंदच चुकीची ठरेल. म्हणून प्रत्येक बैठकीचे पहिले छायाचित्र एका पाटीचे असावे : गाव, मालकाची संमती, रुमालाचा क्रमांक, दिनांक, आणि शेजारी सेंटिमीटरची मोजपट्टी. तीच नोंद त्याच दिवशी विभागाच्या वहीत शाईने करावी व तेथे कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही लिहावा.