गाडिया लोहार (दिल्ली परिसर)

गाडिया लोहार : बैलगाडीवर संसार आणि भट्टी लादून गावोगाव फिरणारी, मूळची राजस्थानातील लोहार जमात. गाडोलिया, गाडूलिया अशीही नावे आहेत. गेल्या काही पिढ्यांत यांतली अनेक कुटुंबे दिल्ली, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात रस्त्याच्या कडेला स्थिरावली. दिल्लीत मंगोलपुरीसारख्या ठिकाणी त्यांच्या वस्त्या आहेत. खुरपी, दराती (आपला विळा), गंडासा, कुऱ्हाड, सुरी, चिमटा, तवा, छिन्नी हा त्यांचा माल. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्या पात्यांची घडण, वापर आणि वारसा यांविषयी आहे.

जमातीच्या परंपरेनुसार हे चितोडचे शस्त्रकार. १५६८ मध्ये अकबराने चितोड घेतल्यावर, गड परत मिळेपर्यंत चितोडात पाऊल ठेवणार नाही, छपराखाली राहणार नाही, दिवा लावणार नाही, खाटेवर झोपणार नाही आणि विहिरीचे पाणी काढायला दोर बाळगणार नाही, अशा शपथा त्यांनी घेतल्या. गाडीवर उलटी टाकलेली खाट ही त्याचीच खूण. कथेत महाराणा प्रताप असतो. प्रत्यक्षात त्या वेळी गादीवर त्याचे वडील उदयसिंह होते आणि प्रताप १५७२ मध्ये राणा झाला. शपथेला समकालीन कागदाचा आधार नाही. पण जमातीने ती खरी मानली आणि तिच्यापायी कित्येक पिढ्या उघड्यावर काढल्या. ६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चितोडगडावर समारंभपूर्वक पुनर्प्रवेश झाला. जमातीवरचा सत्यपाल रुहेला यांचा समाजशास्त्रीय ग्रंथ १९६८ चा आहे.

मराठी वाचकाने यांच्या शेजारी घिसाडी ठेवून पाहावेत. महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत असलेले घिसाडीही स्वतःला राजपूत वंशाचे सांगतात, आडनावे चव्हाण, पवार, सोळंकी अशी लावतात आणि गावाबाहेर पाल ठोकून विळे-कोयते घडवतात. घरात ते तारीमुकी ही गुजरातीशी नाते सांगणारी बोली बोलतात. दोन्हीकडे घण बाईच्या हातात असतो : पुरुष बसून सांडशीत लोखंड धरतो, लहान हातोडीने ठोका कुठे पडायला हवा ते दाखवतो आणि समोर उभी राहिलेली बायको किंवा मुलगी तिथेच घण घालते.

दिल्लीच्या लोहाराचा कच्चा माल म्हणजे भंगार. त्यात सर्वांत मान मालमोटारीच्या कमानपट्ट्यांना. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो, त्यामुळे ते तापवून बुडवले की कडक होते. बांधकामाच्या सळईत कार्बन त्याच्या निम्म्याच्या आसपास. तिची सुरी दिसते छान, पण धार धरत नाही. सहाणेच्या चाकावर टेकवून उडणाऱ्या ठिणग्यांवरून हा फरक कळतो. कार्बन जास्त असेल तर ठिणगी टोकाला फुटून तिचे तुरे होतात, कमी असेल तर सरळ रेघ निघते.

पट्टा लाल करून, तोडून, ठोकून आकाराला आणतात. खरी कसोटी पाणी देताना लागते. सबंध पाते बुडवले तर ते काचेसारखे तडकू शकते; म्हणून जाणता लोहार फक्त धारेची कड बुडवतो आणि पाठ तापलेली ठेवतो. मग कड घासून उजळ करायची आणि पाठीतली उष्णता कडेकडे सरकताना रंग बघत बसायचे. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. सुरी पिवळ्यावर थांबवतात, म्हणजे धार टिकते. खुरपीला मातीतला खडा लागणार असतो, म्हणून ती जांभळ्या-निळ्यापर्यंत उतरू देतात. तापमापक नसतो, रंग डोळ्यांनीच ओळखायचा; म्हणूनच हे काम उन्हापेक्षा सावलीत चांगले होते.

शेतातले अवजार आणि मारामारीतले हत्यार यांत या प्रदेशात फारसे अंतर नाही. गंडासा मुळात चारा तोडण्याचा : लांब लाकडी दांड्याला बसवलेले रुंद, जड पाते. हरियाणा-पंजाबात भाऊबंदकीच्या हाणामाऱ्यांत तोच बाहेर निघतो. पाकिस्तानी पंजाबी चित्रपट ‘मौला जट्ट’ने (१९७९) तर त्याला नायकाची खूण करून टाकले. महाराष्ट्रात कोयत्याचे हेच झाले आहे. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ असते. चाराकुट्टीचे हातयंत्र घरोघर आल्यावर गंडाशाचे गोठ्यातले काम संपत आले. त्याची बदनामी मात्र उरली.

कायदा हा फरक हेतूवरून करतो. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, पण घरकाम, शेती, उद्योग यांसाठी घडवलेली वगळली आहेत. दिल्लीत २९ ऑक्टोबर १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब व १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद पात्याच्या बटणाच्या चाकूंवर निर्बंध आणले. हे निर्बंध चाकू बनवणे, विकणे आणि विक्रीसाठी वा चाचणीसाठी बाळगणे यांवर आहेत. आरोपपत्रात तसा हेतू न दाखवल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिल्लीतला असा एक गुन्हा रद्द केला. शिखांचे कृपाण धारण करणे हे तर संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानेच धर्मपालनात धरले आहे.

वारसा दोन तऱ्हांचा आहे. लढाऊ पाते वस्तू म्हणून पुढे जाते. राजपूत घरांत कट्यार दसऱ्याला पूजेत मांडतात, जशी आपल्याकडे खंडेनवमीला तलवार. दिल्ली छावणीत केंद्र असलेल्या राजपुताना रायफल्सच्या बोधचिन्हात आजही बिगुलाबरोबर दोन कट्यारी आहेत. पूजेतली कट्यार टिकते, कारण ती वापरली जात नाही. खुरपीला ते भाग्य नाही. पाजवून पाजवून ती झिजते, लोहाराकडून दोन-तीनदा शेवटून (झिजलेली कड पुन्हा घडवून) आणली जाते आणि अखेर भंगारात जाऊन नव्या रूपात परत येते. लोहाराच्या घरी म्हणून पाती वारशाला नसतातच; ऐरण, घण, सांडशा असतात आणि हात असतो. मूल आधी भाता चालवते (आता त्या जागी विजेचा लहान पंखा आला), मग लोखंड ओळखायला शिकते, मग घण उचलते. मुलगी हे शिकून सासरी जाते, त्यामुळे हुन्नर बापाकडून मुलाकडे येतो तसाच सुनेच्या हातूनही घरात येतो. कारागिरीच्या इतिहासात ही गोष्ट फारशी नोंदली गेलेली नाही, आणि ती नोंदण्याजोगी आहे.

आज कारखान्यात साच्यात कापलेली गुळगुळीत सुरी स्वस्त मिळते. पुष्कळ लोहार स्त्रिया स्वतःच्या मालाशेजारी तसला मालही मांडतात. बैल गेले, गाड्यांची चाके जमिनीत रुतली. भटक्या-विमुक्तांसाठीच्या दोन्ही राष्ट्रीय आयोगांचे अध्यक्ष मराठी होते : बाळकृष्ण रेणके (अहवाल २००८) आणि भिकू रामजी इदाते (अहवाल २०१७). २०२२ मध्ये केंद्राने या समाजांसाठी पाच वर्षांची, २०० कोटी रुपयांची योजना आणली. तिचे भाग चार : शिकवणी, आरोग्यविमा, उपजीविका आणि घर. दिल्लीच्या पदपथावर भट्टी लावणाऱ्याला यांतले चौथे सर्वांत आधी हवे, कारण ऐरण दर वर्षी नव्या जागी रोवून धंदा चालत नाही.