स्कुबा शिकताय? समुद्रात बोटवाल्याला दिसण्यासाठी आधी काय घ्याल, जाणून घ्या

एकलहरे : मालवण-तारकर्लीत तासाभराची हौस म्हणून स्कुबा करणार असाल तर काहीच विकत घेऊ नका, प्रशिक्षक सोबत असतो. मात्र एमटीडीसीच्या तारकर्ली केंद्रात किंवा इतरत्र पूर्ण कोर्स करून पुढे डायव्हिंग करायचं असेल, तर ही माहिती कामाची आहे.

पाण्याखालून वर येईपर्यंत प्रवाह माणसाला बोटीपासून लांब नेतो. लाटांत फक्त डोकं वर राहतं, लांबून ते नारळाएवढंही दिसत नाही. एकलहऱ्याच्या थर्मलची चिमणी लांबून दिसते ती उंचीमुळे. इथंही गणित तेच.

म्हणून पहिला खर्च एसएमबीवर करा. हा हवा भरायचा नारिंगी, लांबट फुगा. पाच-सहा फुटांचा घ्या. तीन फुटी स्वस्त पडतो, पण लाटेत हरवतो. खालून उघडा असलेला फुगा आडवा पडला की हवा सोडतो. त्यापेक्षा बंद तोंडाचा, व्हॉल्व्हवाला बरा. वर आल्यावर त्याचं खालचं टोक पाण्यात ओढून धरा, तरच तो ताठ उभा राहतो.

पाण्याखालूनच फुगा सोडायचा असेल तर आधी प्रशिक्षकासमोर स्विमिंग पुलात सराव हवा. दोरी अंगाला कधीच बांधू नका. फुगा झटक्यात वर खेचतो आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

जोडीला साधी शिट्टी हवीच. सिलिंडरच्या हवेवरचा भोंगा जोरात वाजतो खरा, पण हवा संपली की मुका! आरसा उन्हातच कामाचा, संध्याकाळी टॉर्च लागते.

समुद्रात कोणी हरवल्यास किनाऱ्यावरच्यांनी तटरक्षक दलाच्या १५५४ या टोल फ्री क्रमांकावर लगेच कळवावे.