जम्पर काढल्यावर

बेंगळुरूच्या सदर पत्रप्पा रोडला सगळे एस. पी. रोडच म्हणतात. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत डेव्हलपमेंट बोर्ड घेणारी बरीच मुलं त्यावर एलईडी लुकलुकवून थांबतात. पण त्या बोर्डाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या कामी येण्यासाठी आहे. एसटी या चिप कंपनीचा न्यूक्लिओ-64 बघा. सीएन 2 वरचे दोन जम्पर काढले की एसटी-लिंक हा डीबगर बोर्डावरच्या मुख्य चिपपासून सुटतो. मग सीएन 4 च्या सहा पिनांतून तारा काढून तुमच्या स्वतःच्या सर्किटवरच्या एसटीएम 32 चिपमध्ये प्रोग्रॅम घालता येतो, तो मध्येच थांबवून आतले रजिस्टर वाचता येतात.

तारांतून चिपच्या आत शिरायची ही सोय जन्माला आली ती डीबगिंगसाठी नव्हे. पूर्वी प्रोग्रॅम चुकला की ईप्रॉम सॉकेटमधून काढायचा, काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश देऊन पुसायचा, पुन्हा भरायचा. चालता प्रोसेसर आतून बघायचा तर इन-सर्किट एम्युलेटर लागे, आणि तो मोठ्या कंपन्यांनाच परवडे. पुढे बोर्डांवर चिपा इतक्या दाटीनं बसू लागल्या की सोल्डरचे डाग नीट लागलेत का हे तपासायला सुईसुद्धा टेकेना. म्हणून 1985 मध्ये जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप, म्हणजे जेटॅग, स्थापन झाला. जेटॅगची पद्धत 1990 मध्ये आयईईई 1149.1 हे मानक झाली. चार तारांतून चिपच्या आत जाता येतंय म्हटल्यावर डागांपाशी कोण थांबणार? त्याच वाटेनं प्रोसेसर थांबवणं सुरू झालं. आर्म कंपनीनं नंतर त्या चार तारांच्या दोन केल्या: एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूसीएलके.

माझ्या मते खरा पालट 2010 चा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं एमएसपी 430 या चिपचा लाँचपॅड बोर्ड 4.30 डॉलरला आणला, एसटीनं डिस्कव्हरी. दोन्हींवर डीबगर आयताच. कंपन्यांना चिपा खपवायच्या होत्या हे उघड आहे, पण डीबगर चिपला कायमचा जखडून टाकणंही त्यांना शक्य होतं. त्यांनी मध्ये जम्पर ठेवले. ज्याच्याकडे वेगळा डीबगर घ्यायला पैसे नाहीत, त्या विद्यार्थ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आर्डुइनोची शाखा थोडी वेगळी. तिच्या उनो बोर्डात आर्डुइनोआयएसपी स्केच घातलं, रीसेट आणि ग्राउंडमध्ये 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की तो दुसऱ्या एव्हीआर चिपचा प्रोग्रॅमर होतो. कपॅसिटर नसेल तर संगणकानं पोर्ट उघडताच उनो स्वतःच रीसेट होतो. मात्र हा फक्त प्रोग्रॅम भरतो, चालता प्रोग्रॅम थांबवत नाही.

2021 च्या रास्पबेरी पाय पिकोवर तर डीबगरची वेगळी चिपच नाही. पिकोप्रोब हे फर्मवेअर घातलं की एक पिको दुसऱ्या पिकोचा डीबगर होतो. 2023 मध्ये रास्पबेरी पायनं स्वतंत्र डीबग प्रोब विकायला काढला, त्याच्या आतही पिकोचीच आरपी 2040 चिप आहे.